राजद्रोही बिशप

डिचोली हे नाव आमच्या वाचकांनी ऐकले असेल. तेथे गेलेले मात्र थोडेच असतील. गोव्याच्या उत्तर भागातील हे गाव. सतराव्या शतकात डिचोली आणि जुने गोवे शहर यांच्यामध्ये केवळ नदीनाले व खाजणे नव्हती, तर दोन राज्यांची सरहद्द होती. एका अंगास पोर्तुगालच्या राजाचा अंमल, दुसऱ्या अंगास विजापूरच्या आदिलशहाचा. या दुसऱ्या अंगास, परधर्मीय सुलतानाच्या आश्रयाने, एक कॅथलिक बिशप राहत होते. त्यांचा जन्म सरहद्दीपलीकडच्या दिवाडी बेटावरचा. त्यांचे सगेसोयरे आणि त्यांची जन्मभूमी पोर्तुगीज अमलात, आणि ते स्वतः मात्र त्या अमलाबाहेर. त्यांचे नाव मातेउश द कास्त्रो. लॅटिन विधीतील बिशपपदाचा अभिषेक झालेले ते पहिले भारतीय होत. गोव्याच्या राज्यकर्त्यांच्या लेखी मात्र ते राजद्रोही होते.

जून महिन्याच्या २२ तारखेस ख्रिस्तसभा संत जॉन फिशर यांचे स्मरण करते. तेही बिशपच, आणि त्यांनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली लंडनमध्ये शिरच्छेदाची शिक्षा झाली. त्यांच्या सणाच्या निमित्ताने आम्ही त्यांचे चरित्र पुन्हा चाळीत असता दिवाडीच्या या बिशपांची आठवण होऊ लागली आणि ती काही केल्या जाईना. म्हणून या वेळच्या सदरात आम्ही आपल्या बाजूच्या बिशपांची हकीकत आधी सांगणार आहो, आणि इंग्लंडच्या संतांना साक्षीस बोलावणार आहो.

मातेउश यांचा जन्म १५९४ च्या सुमारास, ब्राह्मण कुळातील एका ख्रिस्ती घराण्यात झाला. बार्देशातील रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन संन्याशांपाशी त्यांचे शिक्षण झाले. धर्मगुरू व्हावे ही त्यांची इच्छा होती. गोव्यात त्या काळी देशी धर्मगुरू मुळीच नव्हते असे नाही. परंतु संन्यस्त संघांची दारे त्यांना बंद होती. बार्देशातील धर्मग्रामे फ्रान्सिस्कनांकडे, साष्टीतील जेझुइटांकडे; देशी धर्मगुरूच्या वाट्यास यायचे ते बहुधा मदतनीसाचे काम. मुख्य गोरा आणि त्याच्या हाताखालचा सावळा ही रीत इतकी अंगवळणी पडली होती की तिच्यात काही वावगे आहे असे पुष्कळांना वाटतही नसे. मातेउश यांना वाटले. गोव्यात दीक्षा मिळण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा हा तरुण खुष्कीच्या मार्गाने थेट रोमला गेला. आज विमानाने काही तासांत होणारा हा प्रवास त्या काळी वर्षे खाणारा आणि जीव घेणारा होता. दिवाडीचा एक मुलगा उठतो आणि पोपमहाशयांच्या दारात जाऊन उभा राहतो, हे धारिष्ट असामान्यच म्हटले पाहिजे.

त्याचे दैव असे की दार उघडे होते. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी रोममध्ये श्रद्धाप्रसाराचे एक स्वतंत्र मंडळ स्थापिले होते. फ्रान्चेस्को इंगोली हे त्या मंडळाचे पहिले चिटणीस. देशोदेशी तेथलेच धर्मगुरू आणि तेथलेच बिशप निर्माण झाल्यावाचून ख्रिस्तसभा त्या मातीत मूळ धरणार नाही, असे त्यांचे ठाम मत होते. आपल्या मताचा जिवंत पुरावाच भारतातून चालत आला आहे असे इंगोली यांना वाटले असल्यास नवल नाही. मातेउश रोममध्ये शिकले, १६३० च्या सुमारास त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि रोमची पत्रे घेऊन ते गोव्यास परतले. तेथे त्यांच्या पत्रांवर संशय घेण्यात आला. त्यांना काम करू देण्यात आले नाही. ते पुन्हा रोमला गेले, आणि १६३७ साली त्यांना बिशपपदाचा अभिषेक झाला.

त्यांचे धर्मपीठ होते क्रिसोपोलिस. हे प्राचीन काळी लयास गेलेले, नावापुरते उरलेले पीठ. त्यांचे खरे काम दुसरे होते. आदिलशहाच्या मुलखासाठी पोपमहाशयांनी त्यांना आपले प्रतिनिधी, म्हणजे व्हिकार अपोस्तोलिक, नेमले होते. जेथे रीतसर धर्मप्रांत नाही तेथे असा प्रतिनिधी बिशपाचा अधिकार चालवितो.

आता यात राजाचा संबंध कोठे आला, असे वाचक विचारतील. तो समजल्याखेरीज राजद्रोहाचा आरोप समजणार नाही. पंधराव्या व सोळाव्या शतकांतील पोपमहाशयांनी पोर्तुगालच्या राजांना पूर्वेकडील धर्मकार्याचे आश्रयदाते केले होते. या हक्काला ‘पाद्रुआदो’ म्हणतात. राजाने देवळे बांधावी, धर्मगुरूंना गलबतांतून न्यावे, त्यांना पगार द्यावा. आणि त्याच्या मोबदल्यात बिशप कोण व्हावे हे राजाने सुचवावे. आज या हक्कास नावे ठेवणे सोपे आहे. तथापि वसईपासून गोव्यापर्यंत ज्या जुन्या देवळांच्या भिंती अजून उभ्या आहेत, त्यांपैकी अनेकांच्या पायात या आश्रयाचा पैसा आहे हे विसरून चालणार नाही. रोमचे म्हणणे एवढेच होते की, जेथे राजाचे राज्य तेथे त्याचा हक्क. विजापूरच्या मुलखात पोर्तुगालचे राज्य कोठे आहे? पोर्तुगीजांचे म्हणणे होते की हक्क साऱ्या पूर्वेचा दिला आहे, राज्य असो वा नसो. राजाला न विचारता रोमने कोणी बिशप पाठविला, की त्या बिशपास मान्य करणे म्हणजे राजाचा हक्क सोडणे, आणि तो बिशप म्हणजे राजाच्या घरात शिरलेला परका, असा त्यांचा हिशेब होता. त्यात हा परका तर घरातच जन्मलेला! मग रोष दुप्पट होणारच.

बिशप कास्त्रो डिचोलीस राहू लागले, तेथे त्यांनी आपल्या लोकांपैकी काहींना गुरुदीक्षा दिली, आणि गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्या दीक्षांवर आक्षेप घेतला. तक्रारी रोमला जात, तेथून उत्तरे येत, आणि गलबतांच्या त्या युगात एका प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत दुसरे तीन प्रश्न उभे राहत. मध्यंतरी रोमने त्यांना इथिओपियाच्या कामगिरीवरही नेमले होते. ते कार्य सिद्धीस गेले नाही, आणि त्याचा पाल्हाळ येथे नको.

आता १६५३ व १६५४ या दोन वर्षांकडे येऊ. गोव्याची स्थिती त्या काळी फार नाजूक होती. डच लोक समुद्रावर पोर्तुगीजांचा पाठलाग करीत होते. मलाक्का १६४१ सालीच गेले होते, सिंहलद्वीप हातून निसटत होते, आणि गोव्याच्या अगदी उशाशी, वेंगुर्ल्यास, डचांची वखार होती. गोव्याचे आर्चबिशप १६५२ साली निवर्तले होते; पोर्तुगाल १६४० साली स्पेनपासून वेगळे झाले त्याला रोमची मान्यता नव्हती, म्हणून नवा आर्चबिशप नेमला जाईना. हे पीठ पुढे वीस वर्षांहून अधिक काळ रिकामे राहिले. अशा वेळी, १६५३ साली, बिशप कास्त्रो यांनी गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती लोकांस उद्देशून एक लिखाण केले. त्याचे नाव ‘ब्राह्मणांचा आरसा’. पोर्तुगीज धर्माधिकारी तुम्हांस कमी लेखतात, तुमच्या योग्यतेची पदे तुम्हांस नाकारतात, तेव्हा जागे व्हा, असा त्याचा रोख होता. दुसऱ्याच वर्षी, १६५४ साली, आदिलशाही फौजा बार्देश व साष्टी या प्रांतांत शिरल्या. त्यांना पुढे परतावे लागले. पण गोव्याच्या राज्यकर्त्यांनी दोन आणि दोन चार केले: हा स्वारीचा घाट डिचोलीच्या बिशपाचा, त्यानेच सुलतानास भर दिली, त्यानेच डचांशी संधान बांधले, त्यानेच गोव्यातील ख्रिस्ती लोकांस उठावाची चिथावणी दिली.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. त्याच १६५३ सालच्या ऑक्टोबरात गोव्यातील पोर्तुगीज सरदारांनी राजाने नेमलेल्या व्हाइसरॉयास, ओबिदुशच्या काउंटास, पदच्युत केले आणि दों ब्राश द कास्त्रो नावाच्या सरदाराने सत्ता बळकाविली. आदिलशाही स्वारी झाली तेव्हा गोव्याच्या गादीवर हाच बंडखोर बसलेला होता. १६५५ साली नवा व्हाइसरॉय येऊन त्याने ब्राश व त्याच्या साथीदारांस अटक केली तेव्हा कोठे हे प्रकरण मिटले. म्हणजे ज्या दिवसांत दिवाडीच्या कास्त्रोवर राजद्रोहाचा शिक्का बसत होता, त्या दिवसांत दुसरा एक कास्त्रो राजाच्या प्रतिनिधीस हाकलून त्याच्या खुर्चीत विराजमान होता! नावाचा हा योगायोग आहे, नाते काही नाही. परंतु इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणेल?

बिशप कास्त्रो यांच्यावर राजद्रोहाचा खटला मात्र कधी उभा राहिला नाही. ते सरहद्दीबाहेर होते. शिवाय बिशपाला राजाच्या न्यायासनापुढे खेचणे ख्रिस्तसभेच्या कायद्यास धरून नव्हते. रोमने त्यांना परत बोलाविले. १६५८ साली ते रोममध्ये होते, आणि आयुष्याची अखेर त्यांनी तेथेच काढली. आरोप झाला, पण कोणी पुरावा मांडला नाही, कोणी साक्षीदार उलटतपासला नाही, कोणी दोषी अथवा निर्दोष असे म्हटले नाही. आरोप तसाच लोंबकळत राहिला आणि शतकानुशतके पुस्तकांतून पुस्तकांत उतरत आला.

खटला झाला असता तर न्याय झाला असता काय? याचे उत्तर शोधण्यासाठीच आम्ही इंग्लंडच्या संतांना बोलाविले आहे. त्यांचा खटला पुरा झाला.

जॉन फिशर यांचा जन्म १४६९ सालचा. ते १५०४ पासून रॉचेस्टरचे बिशप व केंब्रिज विद्यापीठाचे कुलपती होते. आठव्या हेन्री राजास आपल्या राणीस, कॅथरिनला, टाकून दुसरे लग्न करावयाचे होते. १५२९ साली या विवाहाची चौकशी झाली तेव्हा फिशर राणीच्या बाजूने उभे राहिले. योहान बाप्तिस्त विवाहाच्या पावित्र्यासाठीच मेला, असे ते भर न्यायासनासमोर म्हणाले. हेरोद कोण हे सांगण्याची गरज नव्हती. १५३४ साली राजाच्या नव्या संततीचा वारसाहक्क मान्य करणारी शपथ सर्वांस सक्तीची झाली. इंग्लंडातील सारे बिशप झुकले. एकटे फिशर झुकले नाहीत. त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये कोंडण्यात आले. त्या डिसेंबरात त्यांनी राजाचे मंत्री क्रॉमवेल यांना पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. अंगावरचे कपडे फाटून लाजिरवाणे झाले आहेत, थंडीत पोटाला सोसेल असे अन्न मिळत नाही, आणि नाताळ जवळ आला आहे तेव्हा पापनिवेदन ऐकण्यास एखादा धर्मगुरू द्यावा, अशी त्यांनी विनंती केली होती. एके काळी देशात ज्यांच्या विद्वत्तेचा डंका होता, त्या पासष्ट वर्षांच्या बिशपावर सदऱ्यासाठी अर्ज करण्याची पाळी आली.

त्याच हिवाळ्यात राजद्रोहाचा नवा कायदा झाला. राजा हा इंग्लंडातील ख्रिस्तसभेचा मस्तक आहे हे जो ‘द्वेषबुद्धीने’ नाकारील तो देहांतास पात्र, मग त्याने हत्यार उचललेले असो वा नुसता शब्द उच्चारलेला असो. फिशर सावध होते. ते मौन धरून राहिले. मग १५३५ च्या मे महिन्यात राजाचे वकील रिचर्ड रिच त्यांच्या कोठडीत गेले. जुन्या चरित्रकाराने दिलेला वृत्तांत असा: राजास स्वतःच्या सदसद्विवेकासाठी आपले खरे मत हवे आहे, ते कोणास कळणार नाही, आपणास काही अपाय होणार नाही, असे रिच म्हणाले, आणि फिशर यांनी आपले मत सांगितले. १७ जून १५३५ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला तेव्हा साक्षीस तेच रिच पुढे आले. फिशर यांचे म्हणणे सरळ होते. राजानेच विचारले, विश्वासाने विचारले, त्याचे प्रामाणिक उत्तर दिले; यात द्वेषबुद्धी कोठे आली? ‘द्वेषबुद्धीने’ हा शब्द कायद्यात घातला आहे तो कशासाठी? न्यायाधीशांनी त्या शब्दास काडीचीही किंमत दिली नाही. बिशपपद आधीच काढून घेतले होते, म्हणून सामान्य प्रजाजनाप्रमाणे बारा पंचांनी त्यांचा निवाडा केला. २२ जूनला टॉवरच्या टेकडीवर त्यांचे मस्तक उडविले गेले. महिन्यापूर्वीच पोप तिसरे पॉल यांनी त्यांना कार्डिनल केले होते. टोपी इंग्लंडात पोहोचण्यापूर्वी डोके गेले.

खटला झाला म्हणजे न्याय झाला असे नव्हे, हे यावरून दिसते. परंतु आमच्या मनास जी गोष्ट बोचते ती याहून वेगळी आहे. भक्तिपर चरित्रांत ती सहसा आढळत नाही, पण ती कागदोपत्री आहे. बादशहा पाचवा चार्ल्स हा कॅथरिन राणीचा भाचा. त्याचा लंडनमधील वकील शापुई याने १५३३ साली बादशहास पाठविलेल्या पत्रांत लिहिले आहे की, रॉचेस्टरच्या बिशपाचे मत असे की बादशहाने आता बळाचा उपयोग करावा. हेन्रीविरुद्ध शस्त्र उचलावे. म्हणजे ज्या राजद्रोहासाठी फिशर यांना मरण आले तो केवळ शब्दांचा होता, आणि कोणत्याही राज्याच्या कायद्याने ज्यास राजद्रोहच म्हटले असते ते कृत्य खटल्यात आलेच नाही. ते पत्र बादशहाच्या दप्तरात सुखरूप राहिले. बादशहा आला नाही. फिशर यांचे मस्तक पडले त्याच जून महिन्यात तो आपले आरमार घेऊन ट्यूनिसच्या स्वारीवर गेला होता.

आता दोघांना शेजारी ठेवून पाहा. एक इंग्लंडचा, एक दिवाडीचा. दोघांच्याही राजांनी ख्रिस्तसभेवर आपला हक्क सांगितला. दोघेही ‘बिशप राजाचा की पोपमहाशयांचा’ या प्रश्नावर अडून राहिले. आणि दोघांवरही बाहेरच्या फौजेस हाक मारल्याचा डाग आहे. एकाच्या बाबतीत तो वकिलाच्या पत्रात नोंदलेला, दुसऱ्याच्या बाबतीत शत्रूंनी केलेला. आम्ही एकास वेदीवर पूजितो आणि दुसऱ्याचे नावही आमच्या मुलांना ठाऊक नाही. असे का?

संतपदाचे उत्तर कठीण नाही. १९ मे १९३५ रोजी पोप अकरावे पायस यांनी फिशर यांना संत जाहीर केले ते त्यांच्या पत्रव्यवहारासाठी नव्हे, तर त्यांच्या मरणासाठी. मरणाच्या पहाटे पाच वाजता त्यांना उठवून सांगण्यात आले की आज आपला दिवस. किती वाजता, असे विचारून ते आणखी दोन तास शांत झोपले, असे चरित्रकार सांगतो. ज्याला तशी झोप येते त्याच्या अंतःकरणात राजाविषयी द्वेष नसावा. दिवाडीच्या बिशपांचे मरण अंथरुणावरचे. आणि त्यांच्या अंतःकरणात द्वेष मुळीच नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचा स्वभाव तापट होता, जेझुइटांविषयी त्यांची लेखणी अतिशय कडू होती, आणि त्यांचा तो आरसा ब्राह्मणांचाच होता. गोव्याच्या खेड्यांत शेत नांगरणारे, ताडी काढणारे, जाळे टाकणारे ख्रिस्ती लोकही होतेच. त्या आरशात त्यांना तोंड पाहण्यास जागा नव्हती. गोऱ्यांनी आपल्यास कमी लेखले म्हणून संतापणाऱ्या माणसाने आपल्याच बांधवांकडे खालच्या पायरीवर पाहावे, हा दोष लहान नव्हे. आमच्या धर्मग्रामांत आजही तो अधूनमधून डोके वर काढतो, म्हणून येथे लिहिला.

फौजेच्या प्रश्नावर मात्र आम्ही दोघांनाही एकाच तराजूत घालू. बादशहाचे सैन्य इंग्लंडात उतरले असते तर पीक कोणाचे तुडविले गेले असते? केंटच्या शेतकऱ्याचे. आदिलशाही घोडे बार्देशात शिरले तेव्हा कोणाच्या अंगणात शिरले? ज्यांच्या सन्मानासाठी बिशप कास्त्रो लढत होते त्याच देशी ख्रिस्ती माणसांच्या. आरोप खरा असेल तर हा दोष खरा आहे, आणि तो राजाविरुद्ध केलेल्या अपराधाहून मोठा आहे. परंतु आरोप खरा होता हे सिद्ध करण्याची तसदी कोणी घेतली नाही. आदिलशहास गोव्यावर चालून जाण्यासाठी एका बिशपाच्या सल्ल्याची गरज होती काय? गोव्यात बंडाळी माजली आहे, गादीवर बेकायदेशीर सरदार बसला आहे, समुद्रावर डच आहेत. विजापूरच्या दरबारास एवढे पुरेसे नव्हते काय? राजधानीत आपल्याच माणसांनी आग लावली असता सरहद्दीपलीकडच्या माणसाकडे बोट दाखविणे फार सोयीचे असते. आमचे मत विचाराल तर बिशप कास्त्रो विजापूर दरबारी आणि वेंगुर्ल्याच्या वखारीत बोलले असतील; तोंड बंद ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. स्वारी मात्र त्यांच्याविनाही झाली असती.

राजद्रोही हा शब्द गोव्यातील देशी धर्मगुरूंना पुढेही चुकला नाही. १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा कट उघडकीस आला. त्यात अनेक देशी धर्मगुरू पकडले गेले, आणि त्यांचे गाऱ्हाणेही तेच होते: योग्यता असून आम्हास वरची पदे का नाहीत? १३ डिसेंबर १७८८ रोजी पंधरा जणांना हालहाल करून ठार मारण्यात आले; ते प्रापंचिक होते. धर्मगुरूंना मारले नाही. लिस्बनला नेऊन किल्ल्यात डांबले, आणि कित्येक वर्षे त्यांच्यावर खटलाही चालविला नाही. दिवाडीच्या बिशपांना जे खटल्यावाचून भोगावे लागले तेच यांनाही. गोव्याच्या आर्चबिशपपदावर गोव्याचा माणूस बसण्यास १९७८ साल उजाडावे लागले. राउल गोन्साल्विश हे ते आर्चबिशप.

आता आमच्या कोसाडविषयी. तापीच्या उत्तरेस, सुरतेला लागून असलेले आणि आता महानगरपालिकेच्या हद्दीत आलेले हे गाव. येथील मराठी कॅथलिक घरांना दिवाडी आणि डिचोली फार दूरची वाटतात. सुरत मात्र या कथेच्या बाहेर नाही. रोमच्या त्याच श्रद्धाप्रसार मंडळाने १६४० च्या सुमारास सुरतेत फ्रेंच कपुचिन संन्यासी पाठविले होते. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा त्यांच्यापैकी फादर अँब्रोज यांच्या मठास धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहून ठेवतो. सुरत मोगलांचे मोठे बंदर होते, पोर्तुगालच्या राजाचा अंमल तेथे नव्हता, आणि म्हणूनच तेथे रोमला स्वतःची माणसे पाठविता आली. विजापुरासाठी जो युक्तिवाद, तोच सुरतेसाठी.

बिशप कास्त्रो रोमला गेले, पण ज्या पदासाठी एवढे रण माजले ते पद रोमने मोडले नाही. १६६९ साली त्यांच्या जागी नेमणूक झाली तीही गोव्याच्याच एका धर्मगुरूची, कुस्तोदियु द पिन्यु यांची. आणि त्यांच्या अधिकारात विजापुराबरोबर गोवळकोंडा व मोगलांचा मुलूख आला. १७२० साली मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांस पोर्तुगालच्या राजाशी त्यांचे इमान आहे या संशयावरून बेटाबाहेर काढले आणि मोगल मुलखाच्या व्हिकार अपोस्तोलिकास बोलाविले. या वेळी ते कार्मेलाइट संन्यासी होते. त्यांना इंग्रजांच्या राजाशी एकनिष्ठेची शपथ घ्यावी लागली. त्या व्हिकारिएटाचे १८८६ साली मुंबईचे आर्चडायोसीस झाले. १९६६ साली मुंबईतून बडोद्याचा धर्मप्रांत वेगळा निघाला आणि सुरत त्यात गेली. कोसाडच्या घरात आज मूल जन्मले आणि त्याचा स्नानसंस्कार झाला, तर त्याची नोंद होते ती याच धर्मप्रांतात.